भावना नाही

पालघर, ५ जानेवारी

भावने,

फोनवर मला ब्लॉक केलंस, ठीक. माईच्या फोनवरही केलंस, तेही ठीक. तुझ्या आईला ते स्वतःहून जमणारं नाही, म्हणजे तूच बसून केलं असणार. पण मैनाबाईच्या पाटीला कशी ब्लॉक करशील? रोज सकाळी मुरब्याहून मासळी घेऊन ती इथे पालघरच्या बाजारात येते आणि दुपारी रिकामी पाटी घेऊन परत जाते. आता रिकामी जाणार नाही. कागदाला बोंबलाचा वास आला तर नाक मुरडू नकोस. आपलं अख्खं लहानपण त्याच वासात गेलंय. तुमच्या अंगणातल्या वलांडीच्या बांबूंवर बोंबील सुकत असायचे आणि आपण दोघी खाली बसून कावळे हाकायचो.

"बरी आहेस ना" असलं काही विचारत नाही. बरी नाहीस हे मला माहीत आहे. कंपनीने तुला लॅबमधून उठवून घरी बसवलं, चौकशी लावली, हे मला तुझ्याकडून कळायला हवं होतं. कळलं ते बोईसर स्टेशनबाहेर चहा पिताना एका परक्या माणसाकडून. "त्या केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये मुरब्याची कोणी भावना आहे, तिनेच पेपरला बातमी फोडली म्हणतात." चहा तसाच टाकून मी उठले.

बातमी माझी. डिसेंबरात छापली. तुमची कंपनी टाकीतलं रंगीत पाणी शुद्ध न करताच नाल्यात सोडते, ते खाडीत येतं, आणि चिखलातले निवटे मासे मरून पडतात, अशी. आतल्या एका व्यक्तीने मला सगळं सांगितलं, बाटलीत भरून पाणी आणून दिलं आणि नाव कुठेही येणार नाही असा शब्द घेतला. मी दिला. ('व्यक्ती' मराठीत स्त्रीलिंगी आहे, म्हणून यापुढे मी 'ती' लिहिणार. त्यावरून बाई समजू नकोस, बुवाही समजू नकोस. व्याकरण आहे ते.)

ती व्यक्ती तू नव्हेस. तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. मग त्यांनी तुलाच का धरलं, हे काही केल्या माझ्या डोक्यात शिरत नाही. बातमीवर माझं नावसुद्धा नाही, नुसतं 'पालघर प्रतिनिधी'. कंपनीतल्या साहेबांना मी नावाने माहीत आहे, पण मी मुरब्याची, तुमच्या शेजारच्या घरात वाढलेली, हे त्यांना कोण सांगणार? आमचं घर विकून आम्ही पालघरला आलो त्यालाही आता जमाना झाला. मी बोलते तेव्हा लोक मला पुण्याची समजतात, बघ किती सुधारले मी.

चिड, भावने. खुशाल चिड. पण मैनाबाईबरोबर एक शब्द तरी पाठव. शिवी पाठवलीस तरी चालेल, तुझ्या शिव्या ऐकून फार दिवस झाले.

तेजल

पालघर, १३ जानेवारी

भावने,

मैनाबाईला विचारलं, "वाचलं का तिने?" तर म्हणते, "वाचत नाय, पन फाडत बी नाय. डब्याखाली ठेवलंय." एवढ्यावर मी खूश झाले, म्हणजे माझी काय अवस्था आहे बघ.

पण तिने दुसरी एक गोष्ट सांगितली, माईकडून ऐकलेली, आणि तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. त्यांनी तुला का धरलं ते कळलं. बातमीतल्या एका वाक्यावरून. मी कात्रण काढून वाचलं. त्या व्यक्तीच्या तोंडी, अवतरणचिन्हांत, मोठ्या अक्षरात छापलंय: "त्या रात्री नाल्याचं पाणी पार आंधळं झालं होतं."

आंधळं. अगं आई गं!

लॅबमध्ये गढूळ नमुना आला की तू म्हणतेस ना, "हे घ्या, आंधळं पाणी आलं"? तुझं ऐकून सगळी लॅब हसते म्हणे. मग बातमी वाचून त्यांना दुसरं कोण आठवणार? बोईसरमध्ये पाण्याला आंधळं कोणी म्हणत नाही. पालघरला नाही. मुरब्यातसुद्धा फक्त आपल्या आळीत म्हणायचे, आणि तेही धर्माजीकाकांमुळे.

आठवतं तुला? तुझे बाबा तांडेल, खोल समुद्रात होडी नेणारा माणूस, पण आपल्याला सातपाटीच्या हायस्कूलला सोडायला ते लहानशी होडी काढायचे. अर्ध्या खाडीत आलं की वल्हं थांबवायचं आणि हात मनगटापर्यंत पाण्यात घालायचा. "पोरींनो, बोटं दिसतात का?" आपण ओरडायचो, "नाय दिसत!" "मग पाणी आंधलं हाय. आपण डोले उघडे ठेवायचे." पावसाळाभर हेच. आणि दिवाळीनंतर एका सकाळी बोटं दिसायची, अगदी नखांसकट, तेव्हा ते म्हणायचे, "आले बघा पाण्याला डोले." त्या दिवशी आपल्याला लिमलेटच्या गोळ्या. मी दप्तर उघडून एक गोळी परतीच्या वाटेसाठी ठेवायचे आणि तू ती चोरायचीस. नाही म्हणू नकोस.

काका गेले तेव्हा मी नागपूरला होते, आले तेव्हा सगळं उरकलं होतं. तू दारात उभी होतीस आणि मला बघून म्हणालीस, "आलीस? बस." त्यानंतर आपण दोघी रडलो त्या रडण्याची मला अजून लाज वाटत नाही.

तर आता ऐक. तो शब्द त्या व्यक्तीचा नाही. माझा आहे. ती जे बोलली ते वेगळंच होतं. मी बातमी लिहायला बसले, घाई होती, तिचं म्हणणं कागदावर उतरवताना माझ्या बोटांतून आपल्या आळीचा शब्द उतरला, आणि मला तो इतका चपखल वाटला की मी तो तिच्या तोंडी घालून मोकळी झाले. मला कळलंसुद्धा नाही. आपल्या घरचा शब्द आपल्याला कधी घरचा वाटतो का? तो नुसता शब्द वाटतो.

ती खरं काय बोलली होती ते मी इथे खाली लिहिलं होतं. मग वाचलं, घाबरले आणि कात्रीने ती ओळ कापून टाकली. पत्राला खिडकी पडलीय ती त्याची.

तू म्हणशील, मग खुलासा छाप. 'शब्द आमच्या प्रतिनिधीचा' अशी चार ओळींची चौकट. मीही पहिल्यांदा तेच म्हटलं. पण लगेच पुढचा प्रश्न येतो: मग ती व्यक्ती कशी बोलली होती? आणि त्या प्रश्नाच्या पुढे दोन पावलांवर तिचं दार आहे. माझी चूक, आणि ती दुरुस्त करायला गेले तर मरण दुसऱ्याचं. काय करू, सांग.

तेजल

पालघर, २२ जानेवारी

भावना,

तुझा निरोप मिळाला. मैनाबाईने भर बाजारात, गिऱ्हाईकांसमोर, तुझ्या आवाजात म्हणून दाखवला: "तिला सांग, तुझी ती व्यक्ती मोठी, आमी लहान." शिवी पाठव म्हटलं होतं, पण ही शिवी नाही. ही लागली.

तरी हे तुला सांगायलाच हवं, कारण उद्या कोणी वाढवून-चढवून सांगेल. परवा तुमच्या कंपनीतल्या दर्पण साहेबांचा फोन आला. माणसांचं खातं तेच बघतात ना? मी मुरब्याची, तुझ्या शेजारची, हे त्यांना अजूनही कळलेलं नाही. तू ते चौकशीत बोलली नाहीस याचं मला नवल वाटलं. गोड बोलतात फार. "मॅडम, नाव नका सांगू. तुमचा धर्म तुम्ही पाळा. फक्त एका कागदावर लिहून द्या, 'भावना नाही'. आम्ही तिला दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये बसवतो."

भावना नाही. दोन शब्द. मला हसूच आलं, खरं सांगते. हजेरीला तू नसलीस की मी मागच्या बाकावरून ओरडायचे, "सर, भावना नाही!" आणि सगळा वर्ग, "भावना नाही, भावना नाही," आणि सर म्हणायचे, "तुम्हां कार्ट्यांना खरंच काही भावना नाही." तू दुसऱ्या दिवशी येऊन मला बुकलायचीस. एवढं सोपं होतं तेव्हा ते म्हणणं.

मी फोन ठेवला आणि कागद घेतला. लिहिलंसुद्धा. सही करायची बाकी. ललित सर, आमचे पालघर कचेरीचे प्रमुख, समोर बसले होते. त्यांनी कागद ओढून घेतला नाही, ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "उद्या ते दुसरं नाव आणतील. तेव्हा काय लिहून देणार?"

"तोही नाही, असं."

"आणि तिसरं? चौथं? एक नाव असं येईल की तुझं पेन थांबेल. तुला वाटेल तू गप्प बसलीस. पण तेव्हा तुझं गप्प बसणंच नाव सांगेल."

मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, सर, ती माझी मैत्रीण आहे, तिच्या घरात ती एकटी कमावती, तिच्या बाबांच्या ताटात मी जेवलेय. ते म्हणाले, "माहीत आहे. म्हणून तर मी कागद फाडत नाही. तूच ठरव." त्यांचा मला भयंकर राग आला. अजून आहे. माणसाने बरोबर तरी बोलू नये किंवा इतकं सौम्य तरी बोलू नये.

कायद्याचं विचारशील तर आमच्या वकिलांचं म्हणणं, पत्रकाराने नाव लपवायचं त्याला आपल्याकडे पांघरूण आहे खरं, पण अपुरं. डोकं झाकलं की पाय उघडे. म्हणजे उद्या कोर्टाने विचारलं तर मीही कुठे असेन, सांगता येत नाही.

मी त्या व्यक्तीलाही भेटले. कुठे, कधी, ते सोड. तुझं सांगितलं.  ती म्हणाली, स्वतःच जाऊन कंपनीत सांगायचं. मला काय वाटलं असेल? देव भेटल्यासारखं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी निरोप आला की जमणार नाही, घरची माणसं पाया पडतात. मला राग यायला हवा होता. तो आलाही, तुझ्या वाटचा. पण मग मी तिच्या जागी बसून बघितलं, आणि तिच्या घरातली भांडी, तिच्या मुलांचे युनिफॉर्म दोरीवर, हे सगळं दिसायला लागलं. तुझ्या घरातलं तर मला न बघताच दिसतं. असं दोन घरांच्या मध्ये उभं राहायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

कागदावर मी सही केली नाही, भावना. दर्पण साहेबांना फोन करून सांगितलं, "हो किंवा नाही, मी काहीच लिहून देणार नाही." ते म्हणाले, "मग आम्ही समजायचं ते समजू." मी म्हटलं, समजा.

आता तू काय समजायचं ते समज. तू माझ्यासाठी लहान नाहीस. तुझ्यापुढे मला माझंच काम लहान वाटतं, तरी मी ते सोडलं नाही, हे माझं मलाच नीट सांगता येत नाही. लहानपणी तुला कोणी चिमटा काढला तर मी मारामारी करायचे. आता तुला कोणी नोकरीवरून काढतंय आणि मी गप्प बसलेय. याला काय म्हणायचं ते तू म्हण, मी ऐकून घेईन.

तेजल

पालघर, ३ फेब्रुवारी

भावने,

उद्या तुझी शेवटची चौकशी. माईने मैनाबाईला सांगितलं, मैनाबाईने मला.

मागची सगळी पत्रं तू वाचलीस का ते मला माहीत नाही. वाचली असलीस तर तुझ्या हातात काय आहे हे तुला कळलं असेल. 'शब्द माझा आहे' हे माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे. ते पत्र टेबलावर ठेवलंस की तू सुटलीस. लिहिताना मी हा विचार केला नव्हता, केला असता तर लिहिलं नसतं, इतकी मी शहाणी आहे. पण आता ते परत मागणार नाही. तेवढं तोंड मला उरलेलं नाही.

आज दुपारी उगाच सातपाटीच्या बंदरावर जाऊन उभी राहिले. पलीकडे मुरबे दिसत होतं. भरती होती, होड्या आत येत होत्या, बायका टोपल्या घेऊन पुढे धावत होत्या, कोणीतरी कोणाला तरी हाका मारत होतं. मला वाटलं, पाण्यात उतरून हात घालून बघावा. नाही बघितला. घरी आले.

जे करशील ते कर. माझा तुझ्यावर राग असणार नाही, हे आधीच लिहून ठेवते.

तेजल

मुरबे, ११ फेब्रुवारी

तेजल,

तुझी सगळी पत्रं वाचली. पहिल्या दिवशीच वाचली. मैनाबाईला सांगितलं होतं, वाचत नाय म्हणून सांग. तुला जरा तळमळू दे म्हटलं.

मी तुझ्यासारखं पेपरचं लिहीत नाय, आपलं घरचं लिहिते. चुका काढू नको.

तू कात्रीने कापलंस ते उगाच कापलंस. पेपर आला त्याच सकाळी मला कळलं. ज्या माणसाला मराठीत प्यायचं पाणी मागता येत नाय, जो मला अजून "दीदी, थोडा पानी" म्हणतो, त्याच्या तोंडात माझ्या बाबाचा शब्द कुठून येणार? लॅबमध्ये पेपर वाचता वाचता मी हसले. मग रडले. हे तूच लिहिलंस, हे मला कळलं, आणि त्याने तुला काय सांगितलं असेल तेपण कळलं.

तू लिहिलंस, "ती व्यक्ती तू नव्हेस." बरोबर. पण पाणी भरायला धुतलेली बाटली त्याला कोणी दिली? मीच दिली. त्याने काय करायचं ते सांगितलं नाय, मी विचारलं नाय. बूच घट्ट लाव, एवढं म्हटलं. तेव्हा तू मला इतकीपण कोरी समजू नको.

मी चिडले ती नोकरीवरून नाय चिडले. लोकांना तसं वाटतं, वाटू दे. बाबा गेल्यावर त्याची होडी विकली, जाळी विकली, चपलापण कोणाला तरी दिल्या. तो शब्द राहिला होता. लॅबमध्ये मी तो मुद्दाम बोलायची, बोललं की बाबा जवळ उभा हाय असं वाटायचं. आणि तू तो न विचारता उचललास आणि पेपरात भलत्याच्या नावावर छापलास. एक फोन केला असतास, "भावने, बाबाचा शब्द घेऊ का," तर मी काय नाय म्हटलं असतं? त्याचा राग हाय. तो जायला वेळ लागेल.

आता चौकशीचं. दर्पण साहेब, अजून दोघं आणि मी. तुझं पत्र पर्समध्ये होतं, खोटं नाय सांगत. माईनेच घातलं होतं, म्हणाली, असू दे, लागलं तर लागलं. साहेब म्हणाले, "त्या पेपरवाल्या बाईने तुझ्यासाठी दोन शब्द लिहून दिले नाहीत. तू कोणासाठी सोसतेस? तुला माहीत असेल तर नाव सांग आणि उद्यापासून कामावर ये. माहीत नसेल तर माहीत नाही म्हण, आम्ही बघू काय करता येईल."

म्हणजे सुटायला दोन वाटा होत्या. पत्राची तर तिसरी होती. 'माहीत नाय' तोंडात आलंपण होतं, तेजल. सोपं होतं ते. पण ते तोंडात आलं आणि मला त्याचा चेहरा दिसला, बाटली घेतानाचा. माझ्या मागून ते उद्या त्यालाच या खुर्चीत बसवणार, आणि त्याला 'माहीत नाय' म्हणतापण येणार नाय. मला राग आला. साहेबांचा आला, तुझा आला, सगळ्यांचाच आला. मी म्हटलं, "माहीत हाय. सांगणार नाय."

 साहेब म्हणाले, "याचा अर्थ कळतो का तुला?" मी म्हटलं, "शब्द माझ्या बाबाचा हाय, तो माझ्यावरच राहू द्या. अजून कोणाला शोधू नका."

काढलं मला. परवाच कागद आला. आता माझं नाव लागलं त्या बातमीला, फाईल बंद झाली असं लॅबमधली एक जण फोनवर म्हणाली. माई दोन दिवस बोलली नाय, मग आज सकाळी तिने भाकरी टाकली आणि विचारलं, "मला तरी सांग, कोण तो?" मी तिलापण सांगितलं नाय. जेवता जेवता ती माझ्याकडे बघत होती, मी ताटात बघत होते. तू एवढी वर्षं हे कसं करतेस गं? 

तुझं 'शब्द माझा आहे' वालं पत्र चुलीत घातलं. हे वाचून झालं की तूपण घाल.

एक विचारायचं होतं. तो कामावर जातोय ना अजून? एवढंच कळव.

नको. कळवूच नको.

भावना